रणांगणावरचा रेडिओ कसा दुरुस्त व्हायचा

एससीआर-५३६ हा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पायदळाचा सगळ्यात लहान रेडिओ. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आत पाच व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), जमिनीवरचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. त्याला चालू-बंद करायचं बटणच नव्हतं. अँटेना बाहेर ओढली की संच चालू, आत ढकलली की बंद. चॅनेल बदलायचा खटकाही नव्हता. शिपायाच्या हातून बिघडेल असं बाहेर जवळजवळ काही ठेवलेलंच नव्हतं, तरी हे संच दुरुस्तीच्या टेबलावर सतत येत राहिले. ते का येत आणि टेबलावर त्यांचं काय होई, हे पाहिलं की सिग्नल कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेच्या, रेडिओ कारागिराचं काम नेमकं काय होतं ते कळतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. घरचा रेडिओ फक्त ऐकतो, त्यामुळे तो दुरुस्त झाला की नाही हे तिथल्या तिथे कानाला कळतं. सैन्याचा संच बोलतोही, आणि ज्याच्याशी बोलायचं तो संच नेमका त्याच फ्रीक्वेन्सीवर असावा लागतो. टेबलावर ठणठणीत वाटणारा संच मैदानात मुका ठरू शकतो. म्हणून कारागिराची बरीच मेहनत एक संच दुसऱ्याशी जुळवण्यात जाई.

कोणी किती उघडायचं

दुरुस्तीच्या पाच पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिली पायरी संच वापरणाऱ्याची: पुसणं, बॅटरी बदलणं, प्लग घट्ट बसवणं. दुसरी त्याच्या तुकडीतल्या तंत्रज्ञाची: व्हॉल्व्ह, फ्यूज, कॉर्ड बदलणं. तिसऱ्या पायरीवर डिव्हिजनच्या सिग्नल कंपनीतला कारागीर ट्रकमध्ये टेबल मांडून बसलेला असे आणि संच खऱ्या अर्थाने तिथे उघडला जाई. चौथी पायरी मागच्या मोठ्या फिरत्या कार्यशाळांची. पाचवी तळावरच्या डेपोची, जिथे संच पूर्ण सुटा करून पुन्हा बांधत.

ही वाटणी कागदी शिस्तीसाठी नव्हती. पुढच्या फळीतल्या माणसाकडे टीई-३३ हा हत्यारांचा संच असे, म्हणजे चामड्याच्या छोट्या पाकिटात एक टीएल-२९ चाकू आणि एक टीएल-१३-ए पक्कड. एवढ्यावर आयएफ ट्रान्सफॉर्मर (संचातल्या मधल्या फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे आयएफचा, जुळणीचा भाग) जुळवता येत नाही. प्रयत्न केला तर संच आधीपेक्षा वाईट होतो, आणि मग तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला मूळ बिघाड आणि वरून केलेला बिघाड असे दोन शोधावे लागतात. म्हणून बिघडलेला संच द्यायचा, तयार संच घेऊन परत जायचं, ही पद्धत सगळ्यात सोयीची. त्यासाठी कारागिराकडे बदली संचांचा थोडा साठा लागे. तो संपला की दोन मेलेल्या संचांतून एक जिवंत करणं एवढाच मार्ग उरे.

कारागीर तयार होत न्यू जर्सीतल्या फोर्ट मॉनमथला, मिझुरीतल्या कॅम्प क्राउडरला आणि अशाच इतर शाळांत. नागरी आयुष्यात रेडिओच्या दुकानात काम केलेल्यांना आणि हौशी रेडिओवाल्यांना मोठी मागणी होती. दुकानातल्या माणसाला रिसीव्हर तोंडपाठ असे. ट्रान्समीटर, क्रिस्टल आणि एफएम त्याला नव्याने शिकावं लागे.

आधी बॅटरी, मग बाकी सगळं

लेबलावर नुसतं ‘चालत नाही’ लिहून संच आला की पहिला संशय बॅटरीवर. एससीआर-५३६ मध्ये दोन बॅटऱ्या असत. व्हॉल्व्हची फिलामेंट तापवायला १.५ व्होल्टची बीए-३७, आणि व्हॉल्व्हच्या प्लेटसाठी (जिथून वाढवलेला सिग्नल बाहेर पडतो ते टोक) १०३.५ व्होल्टची बीए-३८. हा १०३.५ आकडा विचित्र वाटतो, पण तो १.५ व्होल्टचे ६९ छोटे सेल एकामागे एक जोडल्यावर येतो. एकोणसत्तरांपैकी एक जरी सेल सुकला किंवा गळला तरी सगळ्यांचा प्रवाह त्याच्यातूनच जायचा असतो, त्यामुळे संच खरखरतो किंवा बोलायचं बटण दाबताच गप्प होतो.

नवशिका इथे हमखास फसतो. बॅटरी बाहेर काढून मीटर लावला तर ती जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण मीटर तिच्याकडून नगण्य प्रवाह मागतो. सुकत आलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, आणि तो दिसतो फक्त भार असताना. म्हणून मोजायचं ते संच चालू ठेवून आणि बोलायचं बटण दाबून, कारण सगळ्यात जास्त प्रवाह तेव्हाच लागतो.

पाठीवर वाहायच्या एससीआर-३०० ची बीए-७० बॅटरी साधारण २० ते २५ तास चाले. त्या संचात १८ व्हॉल्व्ह होते आणि बॅटरीसकट वजन बॅटरीच्या आकारानुसार १४ ते १७ किलो भरे. एकाच बॅटरीतून ४.५, ६० आणि ९० व्होल्ट काढलेले असल्यामुळे बॅटरीचा एक भाग संपला की बाकीचे भाग चांगले असूनही ती टाकून द्यावी लागे.

जस्त-कार्बनचे हे सेल उष्णतेत पडून पडूनच खराब होतात. पॅसिफिकमधल्या बेटांवर तर न वापरलेली बॅटरीही भरवशाची नसे. त्यावर उपाय म्हणून सॅम्युअल रुबेन यांनी तयार केलेला पाऱ्याच्या ऑक्साइडचा सेल सैन्याने घेतला. तो उष्ण हवेत टिके आणि शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सपाट ठेवी. थंडीत उलटी अडचण: बॅटरी संपलेली नसते, पण आतली रासायनिक क्रिया मंदावते. अशी बॅटरी फेकण्याआधी अंगाशी धरून गरम करून पाहणं हाच योग्य क्रम.

त्यानंतर पाळी येते जिथे धातू धातूला टेकतो त्या जागांची. अँटेनाने चालणारा स्विच, बोलायचं बटण, व्हॉल्व्हच्या पिना, हँडसेटची कॉर्ड. कॉर्डची तार बहुतेकदा प्लगच्या अगदी तोंडाशी तुटते, कारण वाकण सगळी तिथेच पडते, आणि वरून रबर अखंड असल्यामुळे ते दिसत नाही. परीक्षा सोपी: मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना लावायचा आणि कॉर्ड इंचाइंचाने वाकवत जायची. काटा जिथे उडी मारेल तिथे कापून नवा प्लग बसवायचा. या दोन टप्प्यांतच बरेच संच बरे होतात. म्हणून केस उघडायची घाई करू नये असं शिकवत, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

आत शिरायचं ते मागून पुढे

संच उघडावाच लागला तर शोधाची दिशा कानाकडून अँटेनाकडे. आधी शेवटच्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (जिथून सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो ती जाळी) ऑडिओ सिग्नल द्यायचा. आवाज आला तर तिथून पुढचं सगळं ठीक. मग एक पायरी मागे, त्याच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर. डिटेक्टरपर्यंत (रेडिओ सिग्नलमधून आवाज वेगळा करणारा टप्पा) पोचल्यावर सिग्नल जनरेटर आयएफवर लावायचा, एससीआर-५३६ च्या बाबतीत ४५५ किलोसायकल (आजच्या भाषेत किलोहर्ट्झ), आणि असंच अँटेनापर्यंत सरकायचं. जिथे आवाज बंद पडतो किंवा एकदम क्षीण होतो, दोष त्या टप्प्यात.

टप्पा सापडला की मीटर. प्रत्येक संचाचं टेक्निकल मॅन्युअल असे (एससीआर-५३६ चं टीएम ११-२३५, एससीआर-३०० चं टीएम ११-२४२) आणि कोणत्या पिनवर किती व्होल्ट, किती ओहम याचे तक्ते त्यात असत. पण तक्ता वापरताना तो कुठल्या मीटरने भरलाय हे आधी बघायचं असतं. समजा १ मेगओहमच्या रेझिस्टन्समधून ९० व्होल्ट येताहेत आणि व्हॉल्व्ह काढलेला आहे. दर व्होल्टला १,००० ओहमचा मीटर १०० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवला तर त्याचा स्वतःचा रोध फक्त १ लाख ओहम. काटा ९० ऐवजी ८ व्होल्टच्या आसपास थांबतो, आणि नवखा माणूस चांगला रेझिस्टन्स कापून टाकतो. तिथेच दर व्होल्टला २०,००० ओहमचा मीटर ६० च्या आसपास दाखवेल. दोन्ही मीटर बरोबरच आहेत. मोजण्याच्या क्रियेनेच सर्किट बदललेलं असतं.

दुसरा सापळा त्याहून महाग पडतो. बॅटरीवर चालणाऱ्या १आर५, १टी४ अशा व्हॉल्व्हच्या फिलामेंटला १.४ व्होल्टवर फक्त ५० मिलिअँपिअर लागतात. काही ओहममीटर सर्वांत खालच्या पट्ट्यावर त्यापेक्षा जास्त प्रवाह सोडतात. म्हणजे फिलामेंट शाबूत आहे का हे तपासता तपासताच ते जळू शकतं. वरचा पट्टा वापरायचा, काटा थोडाच हलेल, पण हलला म्हणजे पुरे.

सगळ्यात चकवणारा भाग म्हणजे कागदी कंडेन्सर (आजचा कपॅसिटर). एका व्हॉल्व्हच्या प्लेटवरून पुढच्याच्या ग्रिडवर आवाज नेणारा कंडेन्सर ओलीमुळे किंचित जरी गळू लागला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं. संच चालतो, पण आवाज फाटतो आणि बॅटरी लवकर संपते. तक्रार ‘बॅटरी टिकत नाही’ अशी येते, दोष असतो कंडेन्सरमध्ये. त्याचं एक टोक सोडवून, व्होल्टेज असलेल्या बाजूला जोडलेलं ठेवून, मोकळ्या टोकावर मीटर धरला की गळती दिसते. नवा भाग झाळताना राळ भरलेलं सोल्डरच वापरायचं. आम्लाचा फ्लक्स वापरला तर सांधा आज चकचकीत दिसतो आणि काही आठवड्यांत हिरवा पडतो.

क्रिस्टल

एससीआर-५३६ ची फ्रीक्वेन्सी बदलायची म्हणजे चार भाग बदलायचे: प्रक्षेपणाचा क्रिस्टल, ग्रहणाचा क्रिस्टल (पहिल्यापेक्षा ४५५ किलोसायकलने वरचा) आणि दोन कॉइल. त्यानंतर संच आयई-१७ या चाचणी संचात बसवून मीटरचा काटा सर्वोच्च येईपर्यंत जुळवायचा. हे शिपायाला करता येणारं नव्हतंच. म्हणून एका कंपनीचे सगळे संच एकाच वेळी, सारखेच चार भाग घालून जुळवून घेणं महत्त्वाचं. एक संच राहून गेला तर तो माणूस लढाईत एकटा पडे.

क्रिस्टल म्हणजे थरथरून संचाची फ्रीक्वेन्सी ठरवणारी क्वार्ट्झची पातळ चकती. कच्चा क्वार्ट्झ मुख्यतः ब्राझीलहून येई. चकती जितकी पातळ तितकी फ्रीक्वेन्सी जास्त. नेहमीच्या कापाची ५ मेगासायकलची चकती साधारण ०.३३ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावरून एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, घासला तर फ्रीक्वेन्सी सुमारे १५ किलोसायकलने वर जाते. हवा तो क्रिस्टल नसेल तर जवळचा, पण खालच्या फ्रीक्वेन्सीचा, काचेवर बारीक पावडर आणि पाणी घेऊन आठच्या आकड्यात घासत वर आणता येतो. या कामासाठी खास फिरत्या तुकड्या होत्या. अट एकच: जास्त घासलं गेलं तर परतीची वाट नाही.

१९४३ च्या सुमारास एक मोठंच संकट उभं राहिलं. कारखान्यातून पारखून आलेले क्रिस्टल साठ्यात पडल्या पडल्या वर सरकत आणि काही चक्क बंद पडत. कारण असं निघालं की घासताना चकतीच्या पृष्ठभागावर क्वार्ट्झचा एक अतिशय पातळ, भेगाळलेला थर राहतो. दमट हवेत तो हळूहळू सुटतो. चकती हलकी होते म्हणून फ्रीक्वेन्सी चढते, आणि सुटलेला भुगा तिचं थरथरणं अडवतो. शेवटचा टप्पा घासून न करता आम्लात झिजवून केला की हा थरच उरत नाही. हा उपाय कारखान्यांनी उचलला, पण जुने क्रिस्टल तोवर जगभर पोचलेले होते. कारागिराच्या हाती उरे ते एवढंच: होल्डर उघडायचा, चकती कडांनी धरून साबणाच्या पाण्याने धुवायची, बोट न लावता सुकवायची आणि पुन्हा मोजायची.

मोजायचं ते बीसी-२२१ फ्रीक्वेन्सी मीटरने. आत १,००० किलोसायकलचा स्वतःचा क्रिस्टल, आणि मापन १२५ किलोसायकल ते २० मेगासायकल. पंधरा मिनिटं तापू द्यायचा. पुस्तिकेतून जवळचा तपासणी-बिंदू काढून डायल तिथे न्यायची, क्रिस्टल चालू करायचा. हेडफोनमध्ये शिट्टी येते. दुरुस्तीची गुंडी फिरवत ती खाली खाली आणून शांततेपर्यंत न्यायची. मग क्रिस्टल बंद, डायल हव्या त्या आकड्यावर, आणि आता संचाचा ट्रान्समीटर तसाच शिट्टी विझेपर्यंत जुळवायचा. दोन फ्रीक्वेन्सींतला फरक हीच ती शिट्टी. फरक शून्य झाला की आवाज जातो. या मीटरची पुस्तिका त्या एका मीटरसाठीच तयार केलेली असे, अनुक्रमांक दोन्हींवर. पुस्तिका हरवली किंवा शेजारच्या मीटरशी अदलाबदल झाली, तर मीटर शाबूत असूनही त्याचे आकडे निरर्थक. इतक्या धावपळीत ही दोन्ही वर्षानुवर्षं जोडीने राहिली यामागे कारागिरांची शिस्त होती, आणि तिचं मोल फार मोठं आहे.

ओल, बुरशी, खारं पाणी

पॅसिफिकमध्ये आणि ब्रह्मदेशात शत्रूच्या गोळीपेक्षा हवेनेच जास्त संच मारले असं म्हणायला हरकत नाही. कापडी आणि कागदी इन्सुलेशनवर बुरशी धरते, बुरशीचे तंतू ओल धरून ठेवतात, आणि जिथे प्रवाह वाहायला नको तिथे वाट तयार होते. त्यावर संपूर्ण संचाला बुरशीनाशक मिसळलेल्या वार्निशचा लेप देत. आधी संच साफ करायचा. मग स्विचचे संपर्क, व्हॉल्व्हचे सॉकेट, फिरते कंडेन्सर, जुळवणीचे स्क्रू चिकटपट्टीने झाकायचे. मग दोन-तीन तास साठेक अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून आतली ओल बाहेर काढायची, आणि गरम असतानाच पातळ फवारे मारायचे, मधे सुकू देत, साधारण तीन. पट्ट्या काढून संच पुन्हा जुळवायचा, कारण लेपाने कॉइलची धारिता किंचित बदलते. शेवटी ‘एमएफपी’ (ओल आणि बुरशीपासून संरक्षित) ही अक्षरं आणि तारीख. भट्टीची पायरी गाळली की लेपाने ओल आतच कोंडली जाते आणि संच लेप न दिलेल्यापेक्षा लवकर सडतो.

खाऱ्या पाण्यात बुडालेल्या संचाबाबत पहिला नियम ऐकायला उलटा वाटतो: तो लगेच गोड्या पाण्यात बुडवा. समुद्राचं पाणी वाळलं की मीठ मागे राहतं, ते हवेतली ओल ओढत राहतं आणि तांब्याला खातं. बॅटरी काढून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, मंद आचेवर पूर्ण सुकवून मगच वीज द्यायची. गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर बहुधा तरीही वाचत नाहीत.

गाड्यांमधले संच

रणगाड्यातल्या एससीआर-५०८ ला १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीतून शेकडो व्होल्ट लागत, ते डायनॅमोटर देई: एकाच दांड्यावर मोटर आणि जनरेटर. धुळीने त्याचे कार्बन ब्रश झिजतात आणि कम्युटेटर काळा पडतो. तो अगदी बारीक पॉलिश पेपरने साफ करायचा, एमरीच्या कागदाने कधीच नाही. एमरीचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात. जिथे डायनॅमोटरऐवजी व्हायब्रेटर (बॅटरीचा प्रवाह झपाट्याने तोडत-जोडत राहणारा स्विच) असे तिथे तो बदलताना त्याच्या शेजारचा बफर कंडेन्सरही तपासायचा. व्हायब्रेटर बहुतेकदा त्याच्यामुळेच जळालेला असतो, आणि नवा बसवला तर तोही जळतो.

गाडीतली खरखर ओळखायची कानाने. इंजिनाच्या वेगाबरोबर टकटक वाढली तर स्पार्क प्लग. बारीक किणकिणता सूर चढला तर जनरेटर. गाडी खड्ड्यातून जाताना अवेळी कडकड झाली तर बॉडीचे सैल जोड. उपायही त्याच क्रमाने: प्लगच्या तारेत सप्रेसर (खरखर दाबणारा भाग), जनरेटरवर कंडेन्सर, आणि बॉडीचे भाग जोडणाऱ्या तांब्याच्या जाळीच्या पट्ट्या. पट्टीखालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून ती आवळली नाही तर तिचा काही उपयोग नाही. अशी शांत केलेली गाडी ओळखायची खूण म्हणजे नोंदणी क्रमांकानंतरचं ‘एस’ हे अक्षर.

आणि काही अडचणी दुरुस्तीने सुटणाऱ्याच नव्हत्या. पायदळाचा एससीआर-३०० होता ४० ते ४८ मेगासायकलवर, रणगाड्यांचा एससीआर-५०८ २० ते २७.९ वर. दोन्ही एफएम, दोन्ही उत्तम, आणि एकमेकांशी बोलूच न शकणारे. नॉर्मंडीत रणगाड्याच्या मागच्या बाजूला फील्ड टेलिफोन बांधून पायदळाच्या शिपायाला आतल्या माणसाशी बोलता येईल अशी सोय केली गेली. जुलै १९४४ मध्ये ऑपरेशन कोब्रासाठी विमानांचे एससीआर-५२२ संच शेर्मन रणगाड्यांत बसवले, म्हणजे रणगाड्यातून थेट वैमानिकाशी बोलता येई. विमानातल्या संचाला रणगाड्याच्या पोटात जागा, योग्य व्होल्टेज आणि हादऱ्यांपासून आधार द्यायचं काम कारागिरांनीच केलं.

संच परत द्यायच्या आधीची शेवटची परीक्षा टेबलावर होत नाही. दोन संच एकाच खोलीत असले तर चुकीचा जुळलेला संचही ऐकू येतो, कारण इतक्या जवळून सिग्नल वाट्टेल तिथून आत शिरतो. म्हणून एक माणूस दुसरा संच घेऊन टेकडीआड, निदान अर्ध्या किलोमीटरवर जातो. दोन्ही बाजूंनी बोलून पाहायचं, बटण एक पूर्ण मिनिट दाबून धरायचं, संच हलवून आणि हाताने ठोकून पाहायचा. मग लेबलावर लिहायचं: कोणता भाग बदलला, कोणती फ्रीक्वेन्सी, भाराखाली बॅटरी किती व्होल्ट, तारीख.